रविवारी वाढलेली इमारत

रविवारी साइट बंद होती. रखवालदार आणि त्याचं कुत्रं सोडलं तर तिकडे कुणी फिरकलंही नव्हतं. तरीही सोमवारी सकाळी टेपबाई ऑफिसात शिरली तेव्हा इमारत तेरा टक्क्यांनी वाढलेली होती. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर आडवी हिरवी पट्टी होती. तिच्या टोकाशी शनिवारी संध्याकाळी एकाहत्तर हा आकडा तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, आणि आता तिथं चौऱ्याऐंशी होतं. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून ती उभी राहिली. चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा लावला. चौऱ्याऐंशीच. जिन्यात अजून एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं तिच्या पोटात काहीतरी झालं. बाकी कुणाला काही झालेलं दिसत नव्हतं. चहा येत होता, कुणीतरी पंख्याचा आवाज येतो म्हणून पंख्याला शिव्या देत होतं. सव्वीस वर्षं ती बांधकामांवर मोजमाप घेत आली होती. पिशवीत पाकीट एक वेळ विसरेल, पण पोलादी टेप विसरायची नाही, म्हणून तिचं हे नाव पडलं होतं. खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं, आणि तिथं ते तिला दुसऱ्याच कुणाचं वाटायचं. या सव्वीस वर्षांत तिनं भिंती वाकड्या वाढलेल्या पाहिल्या होत्या, आडव्या पडलेल्या पाहिल्या होत्या. सुट्टीच्या दिवशी कुणाचाही हात न लागता वाढलेली मात्र ही पहिलीच. पहिलीच? तिनं स्वतःला विचारलं, आणि स्वतःकडे बघायचं टाळून ती हिशेबनिसाच्या टेबलाशी गेली.

हिशेबनीस तिशीतला, हसतमुख, कामाला वाघ. ही स्क्रीन त्यानंच आणलेली, त्यामुळे तिच्याबद्दल तो नव्या बापासारखा बोलायचा. "काय रे, काल मजले चढवले का तू?" तिनं विचारलं. तो हसला. "बाई, शनिवारी रात्री लिफ्ट आल्या ना! तिन्ही. शिवाय सगळी तावदानं. बिलं मी घरूनच चढवली. खर्च पडला की काम तेवढं पुढं सरकतं, पट्टी आपोआप हलते." ती म्हणाली, "लिफ्ट आल्या कुठं? आत्ता येताना बघितलं, तळघरात खोक्यात पडल्यात त्या." "पण पैसे गेले ना त्यांचे?" "पैसे गेले. काम झालं का? घरात किराणा आणून टाकला म्हणजे पोरांची पोटं भरली का?" तो जरा गोंधळला. मग कागद काढून त्यानं समजुतीच्या सुरात सांगितलं की नियमच तसा आहे, एकूण किती खर्च होणार आणि त्यातला किती झाला, त्यावरून टक्के निघतात, सगळीकडे असंच करतात. "आणि बाई, ऐंशी ओलांडले! मोठे साहेब सकाळीच फोनवर खूश होते. आज पाच वाजता शहाण्णव घरांना पत्रं निघतील. तुमची सही तेवढी हवी." कागद त्यानं तिच्या पुढ्यात सरकवला. त्यावर आकडा छापलेला होता आणि खाली, सहीच्या रेघेवर, दर महिन्याला असायची तीच ओळ होती: प्रत्यक्ष मोजून खात्री केली आहे.

शहाण्णव घरं. बारा मजले, मजल्यावर आठ. ज्यांनी ती घेतली होती त्यांनी कामाच्या टप्प्यांप्रमाणे हप्ते भरायचे होते, आणि ऐंशी टक्क्यांचा हप्ता सगळ्यांत मोठा होता. पत्र गेलं की माणसं पैसे भरणार. कुणी ठेव मोडणार, कुणी भावापुढे हात पसरणार, कारण कागदावर ऐंशी लिहिलंय म्हटल्यावर माणूस मनातल्या मनात पडदेसुद्धा लावून टाकतो. आणि ते पैसे या इमारतीत थांबणार नव्हते, हे ऑफिसात झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक होतं. नदीपलीकडे नवी जागा बघितलेली होती, तिचा बयाणा उद्या होता. गुरुवारपासून निम्मी माणसंही तिकडे जायची होती. हे सगळं तिला कळत होतं. कळत नव्हतं ते एवढंच, की पेन उचलायला हात एवढा जड का झालाय. सही म्हणजे काय, नावाची दोन वळणं. अकरा वर्षांपूर्वी तर तिनं ती उभ्याउभ्या केली होती.

अकरा वर्षांपूर्वी ती दुसऱ्या कंपनीत होती. दुपार होती, इमारत नऊ मजली होती, आणि आदल्या दिवशी जिन्यावर पाय मुरगळलेला होता. कागद हाच, ओळही हीच. तेव्हाच्या साहेबांनी सांगितलं, टाइल्स सगळ्या येऊन पडल्यात, त्या धरून ऐंशी होतात, वर कशाला चढता? ती वर चढली नाही. ती तळघरात गेली आणि तिनं टाइल्सची खोकी मोजली. बरोबर मोजली, एकही कमी नाही की जास्त नाही. पुढं कित्येक वर्षं ती स्वतःला हेच सांगत आली, की मी खोटं मोजलं नाही. सही केली, आणि त्याच आठवड्यात ताईकडे जेवायला गेली. तिच्या सख्ख्या बहिणीनं त्याच इमारतीत घर घेतलेलं होतं, तिच्याच सांगण्यावरून. "कितपत आलंय गं?" ताईनं वाढता वाढता विचारलं, आणि तिनं तोंडात घास असताना सांगितलं, ऐंशी टक्के. भावजींनी दुसऱ्याच दिवशी सगळी पुंजी भरली. पाच महिन्यांनी कंपनी बसली. टाइल्सवाल्याचे पैसे थकले होते, तो ट्रक घेऊन आला आणि एका दुपारी इमारतीचे आठ टक्के भरून घेऊन गेला. ती रस्त्याच्या कडेला उभी राहून बघत होती, आणि हमाल खोकी उचलत होते तशी ती नकळत मोजत होती. सहा वर्षं तो सांगाडा उभा राहिला. सहा वर्षं ताई भाडंही भरत होती आणि कर्जाचे हप्तेही. भावजींनी दुसरी पाळी धरली, ताईनं शिलाईचं मशीन घेतलं आणि डोळ्यांची वाट लावून घेतली. पुढे कुण्या दुसऱ्यानं ती इमारत पुरी केली आणि ताई राहायला गेली. पण त्या घरात शिरलं की टेपबाईला जमिनीकडे बघवत नसे. सहीबद्दल तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. ताई म्हणायची, मेल्यांनी फसवलं आपल्याला. त्या 'आपल्याला'त ताई तिलाही धरायची, आणि ती नुसती मान हलवायची.

"बाई, सही," हिशेबनीस म्हणाला. तिनं कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि पिशवीत टाकला. "इथं काय लिहिलंय? प्रत्यक्ष मोजून. मग मोजते. चारपर्यंत थांब." "अख्खी इमारत? आज?" "मग काय, रविवारी ती एका रात्रीत वाढली, मला सहा तास तरी देशील की नाही?" तिनं हे हसत म्हटलं आणि ती बाहेर पडली. नोकरी जाईल, हा विचार दारातच भेटला. साडेतीन वर्षं राहिली होती निवृत्तीला. या वयात दुसरीकडे कोण उभं करणार? तिनं त्या विचाराला बाजूला हो म्हटलं. तो काही बाजूला झाला नाही, तिच्याबरोबर जिना चढू लागला. खाली मुकादम भेटला. काळा, काटक, तोंडानं फटकळ, पण टेपचं दुसरं टोक धरावं तर त्यानंच. "सगळे मजले?" त्यानं डोळे विस्फारले. "बाई, भिंती मोजायच्यात की आपले गुडघे?" "दोन्ही. टोक धर आणि हलवू नको. तुझा हात हलला की माझं सगळं माप वाया." तो म्हणाला, "माझा हात हलत नाही. वरच्या लोकांचं मला विचारू नका."

पहिला मजला जवळजवळ पुरा होता. रंगाचा वास, पायाखाली गुळगुळीत टाइल्स, नळाला पाणीसुद्धा. तिनं भिंती मोजल्या, स्विच मोजले, दारं उघडून लावून बघितली, प्रत्येक कामाचा वाटा वहीत मांडला आणि लिफ्टच्या पोकळीशेजारच्या भिंतीवर खडूनं मोठा आकडा काढला: ब्याण्णव. दुसऱ्यावर एक्याऐंशी. तिसऱ्यावर अठ्ठ्याहत्तर. वर जावं तशी इमारत वयानं लहान होत गेली. आधी रंग गेला, मग टाइल्स गेल्या, मग खिडक्यांच्या जागी नुसती चौकोनी हवा आली. सहाव्यावर प्लास्टर ओलं होतं आणि त्याचा गार, मातकट वास तिच्या नाकात भरला. हा वास तिला आवडायचा. तरुण असताना ती याच वासासाठी या धंद्यात टिकली असेल, असं तिला कधीकधी वाटायचं. ऑफिसात बसायला लागल्यापासून तो सुटला होता. टेप सळसळत बाहेर येत होती, मुकादम तिकडून आकडा ओरडत होता, ती लिहीत होती, आणि दर मजल्यागणिक पोटातली ती नसलेली पायरी थोडी थोडी भरून येत होती. सातव्यावर तिनं बेरीज थांबवून मागची पानं उलटली आणि तिला घाम फुटला. शनिवारचे एकाहत्तरही खरे नव्हते. गेल्या दोन महिन्यांत टाइल्स आल्या होत्या, वायरची भेंडोळी आली होती, तीही पट्टीत शिरली होती, आणि त्या दोन्ही कागदांवर तिची सही होती. म्हणजे ती पुन्हा तिथंच आली होती. हळूहळू, पायही न मुरगळता. ती उपड्या घमेल्यावर बसली. मुकादमानं पाण्याची बाटली पुढं केली. "राहू द्या आता, बाई. कोण बघतंय?" आणि या प्रश्नानं ती उठली. "मी बघतेय ना," ती म्हणाली. आवाज एवढा मोठा निघाला की रिकाम्या खोल्यांतून तो परत आला आणि दोघंही हसले. त्यानंतर तिचे गुडघे दुखले नाहीत. दुखले असतील, तिला कळलं नाही.

साडेतीनला मोठे साहेब आले. सत्तरीचे, अंगानं जड, पांढऱ्या शर्टाची बाही कायम वर दुमडलेली. चाळीस वर्षांपूर्वी ते स्वतः सळया वाकवायचे आणि डाव्या हाताचं एक बोट त्यांनी तिथंच ठेवलेलं होतं. आता इमारत त्यांना फोनवर दिसायची, हिरवी पट्टी. खाली उतरून ती त्यांच्या गाडीपाशीच गेली, डोक्यात सिमेंटची धूळ, हातात वही. "काय टेपबाई, सही अडवलीस म्हणे?" साहेबांचा सूर गोड होता आणि ते गोड बोलायला लागले की ऑफिसातल्यांची बोबडी वळायची. "अडवली नाही, साहेब. तुमच्याबरोबर एकदा वर जाऊ म्हटलं. बाराव्या मजल्यावर." "आत्ता?" "चौऱ्याऐंशी टक्के झालीय म्हणतात इमारत. चला ना, लिफ्टनं जाऊ." आणि ती लिफ्टच्या दिशेनं चालायला लागली. साहेबही दोन पावलं मागोमाग आले, सवयीनं. मग थांबले. पुढं दार नव्हतं, एक आडवी फळी ठोकलेली होती आणि फळीपलीकडे खालपासून वरपर्यंत अंधार होता. मागं हिशेबनीस उभा होता, त्यानं मान खाली घातली. संपलं, तिला वाटलं, आज संध्याकाळी टेबल आवरायचं. साहेबांनी फळीवर हात ठेवून वर बघितलं, खाली बघितलं, आणि ते जिन्याकडे वळले. ती आणि हिशेबनीस मागोमाग निघाले.

त्यांना वाटेत तीनदा थांबावं लागलं. पण थांबायच्या निमित्तानं ते भिंतीला हात लावू लागले. चौथ्यावर त्यांनी बोटाच्या पेरानं प्लास्टर वाजवून बघितलं आणि म्हणाले, "इथं पोकळ आहे." तिनं वही पुढं केली, पोकळ म्हणून लिहिलेलं होतं. सहाव्यावर त्यांनी नाकानं जोरात श्वास घेतला. प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या पोकळीशेजारी खडूचा आकडा होता, आणि ते तो मोठ्यानं वाचत होते: त्र्याहत्तर, एकाहत्तर, पासष्ट, एकोणसाठ. आठव्याच्या वर त्यांनी वाचणं बंद केलं. अकराव्यावर ते सिमेंटच्या पोत्यावर बसले. "उद्या जागेचा बयाणा आहे, माहितीय ना तुला?" "माहितीय." "पत्रं गेली नाहीत तर तो होत नाही." "नाही होणार. पण पत्रं गेली तर लोकांचा हप्ता नदीपलीकडे जाईल, साहेब. मग या लिफ्ट बसवायला, इथं टाइल्स लावायला, रंगाला, पैसे कुठनं आणाल? लोकांनी तर आधीच भरलेले असतील. पुन्हा कुणाकडे मागणार?" तिनं वहीचं शेवटचं पान उघडलं. हातात किती आहे, गुरुवारी माणसं हलवली नाहीत तर किती पुरतं, खऱ्या ऐंशीला पोचायला किती महिने लागतात, सगळं पेन्सिलीनं मांडलेलं होतं. चार महिने. पैसे पुरत होते, जेमतेम, पण पुरत होते. "खरे ऐंशी झाले की तेव्हा पत्रं पाठवा, मी स्वतः पाकिटं चिकटवते." साहेबांनी वही हातात घेतली आणि पानावरून बोट फिरवत खालपर्यंत नेलं. "गेल्या महिन्यात तू एकाहत्तरवर सही केलीस," ते म्हणाले. या घावाची ती सकाळपासून वाट बघत होती. "केली. न मोजता केली. चूक माझी. अशीच एकदा आधीही केली होती, दुसऱ्या कंपनीत, आणि त्यात माझ्या सख्ख्या बहिणीची सहा वर्षं गेली. आता करणार नाही. काढायचं असेल तर काढा मला." हे वाक्य बाहेर पडलं आणि तिला आश्चर्य वाटलं, की अकरा वर्षं ज्याला आपण घाबरलो ते एवढं लहान होतं, एका श्वासात मावलं.

बाराव्यावर खडूचा आकडा नव्हता. तो तिनं मुद्दामच लिहिला नव्हता, आणि मुकादमाला तिथंच थांबायला सांगितलं होतं. वारा आरपार जात होता, भिंती विटांच्या, उघड्या, पाईप नुसते जमिनीतून वर आलेले. साहेब त्या आठ घरांतून हळूहळू फिरले, एका खोलीतून दुसरीत, दार नसलेल्या दारांतून वाकून. एका ठिकाणी वाकड्या सळईवर त्यांनी त्या तुटक्या बोटाचं थोटूक ठेवलं. मग तिच्याकडे हात पुढं केला. तिनं खडू दिला. त्यांनी डोळे बारीक करून एकदा चौफेर बघितलं आणि भिंतीवर लिहिलं: तीस. "बघ तुझ्या वहीत," ते म्हणाले. तिनं पान काढलं. "एकतीस, साहेब." साहेब एवढ्या मोठ्यानं हसले की खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात येऊन बघायला लागली. "एक टक्क्यानं चुकलो! चाळीस वर्षांनी, नुसत्या डोळ्यानं, आणि एक टक्क्यानं!" ते मुकादमाच्या पाठीवर थाप मारत होते, हिशेबनिसाला बोलावून भिंत दाखवत होते, आणि टेपबाई वही छातीशी धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. उतरताना त्यांनी जिन्यातूनच फोन लावला. "बयाणा पुढं ढकला. नाही, चार महिने. थांबत नसतील तर जाऊ दे जागा, दुसरी बघू." आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "माणसं इथनं कुठं जाणार नाहीत. आणि तू दर महिन्याला वर यायचंस. मला घेऊन."

पावणेपाचला सगळे स्क्रीनसमोर उभे होते. हिशेबनिसानं रकाना बदलला, खोक्यातला माल एका बाजूला काढला आणि तिनं सांगितलेला आकडा भरला. पट्टी थरथरली, मागं सरकली, सरकतच राहिली आणि चौसष्टवर येऊन थांबली. हिरवी होती ती लालभडक झाली. इमारत वीस टक्क्यांनी खाली आली आणि मागं उभ्या असलेल्या मुकादमाच्या माणसांनी शिट्ट्या मारल्या, कारण गुरुवारी त्यांना कुठंही जायचं नव्हतं. "बाई, वाईट दिसतंय हो," हिशेबनीस हळूच म्हणाला. "छान दिसतंय," ती म्हणाली. आयुष्यात तिनं एवढा सुंदर लाल रंग पाहिला नव्हता. पिशवीतून चार घड्यांचा कागद काढून तिनं चौऱ्याऐंशीवर काट मारली, चौसष्ट लिहिलं आणि खाली सही केली. सावकाश, दोन्ही वळणं नीट काढून. वरची ओळ तिनं एकदा मोठ्यानं वाचून दाखवली. प्रत्यक्ष मोजून. अंगभर सिमेंटची धूळ होती, पोटऱ्यांना पेटके येत होते, आणि तिला बाराव्या मजल्यावर पुन्हा धावत जावंसं वाटत होतं.

ऑफिसच्या पायऱ्यांवर बसून तिनं ताईला फोन लावला. ऊन उतरलं होतं, समोर माणसं हातपाय धूत होती. ताईच्या आवाजामागं नळ वाहत होता. "ताई, तुला एक सांगायचंय. तुझ्या इमारतीच्या त्या ऐंशी टक्क्यांवर सही माझी होती. मी वर चढलेच नव्हते." नळ वाहत राहिला. मग तो बंद झाल्याचा आवाज आला. टेपबाईनं डोळे मिटले. तिला भीती वाटत होती, खूप वाटत होती, पण ही भीती स्वच्छ होती, तिच्यात लपवायला काही नव्हतं. "सहा वर्षं," ताई अखेर म्हणाली. "दोन्हीकडे भरत होतो गं आम्ही." "हो." "भावजी दोन-दोन पाळ्या करायचे तुझे." "हो, ताई." "आणि हे आज का सांगतेयस?" "आज मी बारा मजले मोजले. एकूण एक." ताईनं नाक ओढलं. ती रडत होती की चिडली होती, ते कळत नव्हतं. बहुतेक दोन्ही. "हे फोनवर नाही चालायचं," ताई म्हणाली. "रविवारी ये. माझ्यासमोर बसून सांग. मला जे बोलायचंय ते मी तुझ्या तोंडावर बोलणार आहे, आणि तू ऐकून घेणार आहेस." "येते." "आणि ऐक." ताईचा आवाज अजून ओलाच होता, पण त्यात ती जुनी, घर चालवणारी धार आली होती. "स्वयंपाकघराचा ओटा बदलतोय आम्ही. तो कारागीर म्हणतो सव्वासहा फूट दगड लागेल. माझा नाही त्याच्यावर भरवसा. येताना तुझी टेप घेऊन ये."